माजलगावच्या चौघी

२१ मार्च १९९६ या दिवशी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं यंत्र घेऊन आली होती. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं त्यांचं काम काही वर्षं आधीपासून चालू होतं. भीमनगरच्या मुद्रणांमधून जी नावं आपल्यापर्यंत आली ती राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे आणि पार्वतीबाई भादरगे यांची. त्यांनी गायलं ते बाबासाहेबांवर, बुद्धावर, रमाईवर. या गाण्यांची कॅसेट निघाली नाही, कुठल्या दुकानात पोस्टर लागलं नाही, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या दोन तरुण मुलींचे रॅपचे पहिले अल्बम आठवड्याच्या अंतराने बाजारात आले. १२ तारखेला लिल किमचा ‘हार्ड कोअर’, १९ तारखेला फॉक्सी ब्राऊनचा ‘इल ना ना’. दोन्ही तुफान खपले. ब्रुकलिनला माजलगाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि माजलगावला ब्रुकलिन. तरी मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो आहे, कारण दोन्हीकडे बाईच बोलत होती, तालावर बोलत होती, यमक जुळवून, स्वतःच्या लोकांचा अभिमान मिरवत बोलत होती. आणि दोन्हीकडे पुढे एकच वाद उभा राहिला की हे शब्द नक्की कुणाचे.

जात्याजवळ बसून या कलेकडे पाहिलं की तिचं कसब कळतं. खालची तळी पक्की, वरची फिरती. वरच्या तळीला एका बाजूला लाकडी खुंटा, मधे तोंड. दोघी समोरासमोर बसतात, एकीचा हात खुंट्यावर वर तर दुसरीचा खाली. एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. मोकळ्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात जाते, तोच घास. जात्याचा एक फेरा पुरा व्हायला लागणारा वेळ हीच ओवीची मात्रा. ओढताना जोर लागतो तिथे शब्दावर भार पडतो, सोडताना श्वास मिळतो तिथे शब्द लांबतो. घास घालताना ओळ क्षणभर थांबते आणि ‘गं बाई’, ‘सांगते तुला’ असे शब्द ती जागा भरून काढतात. यमक ओळीच्या टोकाला बसतं, आणि ते चुकून चालत नाही, कारण समोरची बाई त्याच यमकावर पुढची ओवी उचलणार असते. एकीने टाकायची, दुसरीने झेलायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण सहज म्हणतो. पण ती आपोआप सुचत नाही. पहाटेच्या अंधारात पायली-दोन पायली दळण समोर असताना, अंगाला घाम फुटलेला असताना, तालात न चुकता नवी ओळ जुळवणं हे कष्टाने कमावलेलं कसब आहे.

आणि ते जुनं आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात लिहून ठेवलं की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याला लागूनच आहे. राजाच्या कानावर ही गाणी गेली होती. पुढे ज्ञानेश्वरी ओवीत लिहिली गेली. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ही ओवीतच लिहिला. बायांच्या जात्यावरचा छंद पुरुषांच्या ग्रंथात गेला आणि त्याला ग्रंथकर्त्याचं नाव लागलं. जात्यावर राहिलेल्या ओवीला ते लागलं नाही.

संतांच्या अभंगाला नाममुद्रा असते. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ आलं की तो अभंग कुणी चोरू शकत नाही. चोरला तर तुकोबांना सोबत घेऊनच जावं लागतं. माजलगावच्या उत्तरेकडून वाहणारी गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात गंगाखेडला जाते. तिथल्या जनाबाईने दळण-कांडण करता करता अभंग रचले असं परंपरा सांगते, आणि तिच्या अभंगाला ‘जनी’ ही मुद्रा आहे. म्हणून सातशे वर्षं झाली तरी जनाबाई टिकली. तिच्यासारखंच दळणाऱ्या लाखो बायांच्या ओव्यांना मात्र मुद्रा नव्हती. ओवीत भावाचं नाव येई, लेकाचं येई, विठ्ठलाचं येई, नवऱ्याचं आडून येई. गाणारीचं येत नसे. तिला त्याची गरजही नव्हती. समोर बसलेल्या बाईला कोण गातंय ते दिसत होतं. गरज पुढे पडली, ओवी वहीत उतरली तेव्हा.

विसाव्या शतकात आपल्याकडे ओव्या गोळा करण्याचं मोठं काम झालं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचं भांडार मराठी वाचकांपुढे आणलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड सिद्ध केले. ही माणसं नसती तर कितीतरी काही गेलं असतं, त्यांचं ऋण मोठंच आहे. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे ओव्या विषयवार लागल्या. माहेर, सासर, भाऊ, पंढरी. ओवी लोकांची, म्हणजे कुणा एकीची नाही, असा समज घट्ट झाला. वाचकाला ‘मराठी स्त्री’ भेटली, पण अमुक गावची अमुक बाई भेटली नाही.

भीमनगरच्या ओव्या या समजाला छेद देतात. भाऊबीजेची ओवी कुणी केली हे सांगता येत नाही. ती आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे आलेली असते, तिचं मूळ शोधता येत नाही. बाबासाहेबांवरच्या ओवीचं तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. बुद्ध आणि पंचशील जात्यावर आले ते त्यानंतर. १९९६ साली गाणाऱ्या बायांना अशा ओव्या पणजीकडून मिळाल्या असणं शक्यच नाही. त्या त्यांच्या हयातीतल्या आहेत, त्यांनी किंवा त्यांच्या शेजारणींनी केलेल्या आहेत. इथे ‘परंपरा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कर्ती समोर बसलेली आहे.

ती कुठल्या काळातून आली होती तेही पाहायला हवं. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर तो भारतात आला. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वाट्याला तिथे दुहेरी अंधार होता. वरून संस्थानी राज्य, खालून गावची जात. १९५०मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून पोरं पायी, बैलगाडीने, मिळेल त्या गाडीने तिथे पोहोचली. मुलगा शिकायला गेला आणि आई जात्यावर त्याच्या शिक्षणाची ओवी गाऊ लागली. पूर्वी ओवीतला लेक पंढरीला जात असे, आता तो कॉलेजात जाऊ लागला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९मध्ये आणि पुन्हा १९६४मध्ये माणसं तुरुंगात गेली, बायाही गेल्या. हे सगळं ज्यांनी पाहिलं त्यांच्या पिढीची ओवी भक्तीपुरती राहणं शक्य नव्हतं.

त्यानंतर नामांतराचा काळ आला. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. एका नावासाठी सोळा वर्षं माणसं लढली. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला आणि भीमनगरचं ध्वनिमुद्रण झालं ते त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी. एका विद्यापीठाच्या फाटकावर एक नाव लागावं म्हणून ज्या वस्त्यांनी इतकं सोसलं, त्या वस्तीतल्या बाया यंत्रासमोर बसून ते नाव ओवीत घेत होत्या. नावाची किंमत त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

ओवीची जुनी रीत अशी की पहिली ओवी देवाला वाहायची, दुसरी दुसऱ्या देवाला किंवा आईबापाला, मग तिसरी, चौथी, पाचवी. मोजत जायचं. दळण सुरू करण्याआधी केलेलं ते वंदन. भीमनगरच्या बायांनी ही मोजणी मोडली नाही. ताल तोच ठेवला, क्रम तोच ठेवला, आणि देवांच्या जागी भीमराव बसवले, बुद्ध बसवला. घरातले जुने देव नदीत सोडले होते, पण देवांसाठी घडवलेली ओवी सोडली नाही. तिच्यात नवा मजकूर भरला. मला ही फार मोठी कलाकृती वाटते. छंद वापरून छंदाच्या मालकीलाच आव्हान द्यायचं, तेही हातातलं दळण न थांबवता. नवं काव्य शोधायला आपण मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे पाहत होतो तेव्हा ते सिंदफणेच्या काठावर पिठाबरोबर रोज पडत होतं.

ज्यांनी हे ओळखलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात येऊन इथलेच झाले. दोघांची संस्था सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब माणसांची संघटना बांधताना बायांना बोलतं करायचं होतं. बैठकीत बाया गप्प बसत. जात्यावरच्या गाण्यांचा विषय निघाला की थांबत नसत. मग त्या गाण्यांकडेच पाहायला सुरुवात झाली. ताराबाई उभे, कुसुमताई सोनवणे अशा गावातल्याच बाया या कामात उतरल्या आणि जितेंद्र मैड यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पाहता पाहता लाखावर ओव्या जमल्या. हजारो गाणाऱ्या बाया आणि शेकडो गावं त्यात आली. संगीताचा संगणकाने अभ्यास करणारे बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात त्यांना मिळाले. त्यांनी या ओव्यांची माहिती संगणकावर बसवली आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं.

या कामाचा जो विशेष मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नोंदीच्या वहीत आहे. प्रत्येक ओवीबरोबर बाईचं नाव, तिचं गाव, तालुका, जिल्हा आणि मुद्रणाची तारीख. वस्तीसुद्धा लिहिली. म्हणून आज ‘मराठवाड्यातली एक लोकओवी’ असं म्हणावं लागत नाही. भीमनगर, माजलगाव, जिल्हा बीड इथल्या राधाबाई बोऱ्हाडे यांची ओवी असं म्हणता येतं. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नव्हती ती या वहीने दिली.

नावाचा आणि यंत्राचा संबंध आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. त्या काळी मुद्रण इथे होई आणि तबकड्या परदेशात छापल्या जात. तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताच गायिकेने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. गौहरजान इंग्रजीत सांगे, मी गौहरजान. कामापुरती पडलेली ती पद्धत, पण तिच्यामुळे तवायफ म्हणून समाजाने दूर ठेवलेल्या एका बाईचं नाव तिच्याच आवाजात घरोघर पोहोचलं.

रॅपमध्ये तर नावापासूनच सुरुवात. हा प्रकार जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, ११ ऑगस्ट १९७३च्या एका पार्टीत, असं सगळे मानतात. तबकड्या वाजवणारा डीजे कूल हर्क होता. पण पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. १९७९मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं जगभर गाजलं. ते काढणाऱ्या शुगर हिल कंपनीच्या कर्त्या होत्या सिल्व्हिया रॉबिन्सन. त्याच वर्षी त्याच कंपनीने ‘द सीक्वेन्स’ या तीन मुलींच्या चमूचं गाणं काढलं. बाया या कलेत उशिरा आल्या नाहीत, त्या पाया घालताना हजर होत्या. तरीही माइकवर उभ्या राहिलेल्या बाईला आधी आपलं नाव ठणकावून सांगावं लागे, मग पुढचं.

आणि नाव सांगितलं तरी भागत नसे. लिल किम आणि फॉक्सी ब्राऊन यांचे १९९६चे अल्बम खपले तेव्हा दोघींच्या मागे एकच कुजबुज लागली. किमचे शब्द बिगीचे आणि फॉक्सीचे जे-झीचे. बिगी हा त्या काळचा मोठा रॅपर, किमला पुढे आणणारा. जे-झीने फॉक्सीच्या गाण्यांत लेखनाची मदत केली होती हे उघडच होतं. पुरुष कलाकाराने दुसऱ्याकडून ओळी घेतल्या तर त्याला कुणी विचारत नाही. बाईला विचारतात. म्हणून बाईच्या दुसऱ्या अल्बमला या धंद्यात वेगळं वजन असे. पहिला चालला तो पाठीराख्यांच्या जोरावर, असं म्हणता येतं. दुसरा चालला तर तिला नाकारणं जड जातं.

मार्च १९९७मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बिगीचा गोळ्या घालून खून झाला. किमला दुसरा अल्बम काढायला २००० साल उजाडलं. ‘द नोटोरियस के.आय.एम.’ या नावातच तिने गेलेल्या मित्राचं नाव आणि स्वतःचं नाव एकत्र गुंफलं. अमेरिकेच्या खपाच्या यादीत तो चौथ्या क्रमांकावर उतरला आणि दहा लाखांचा टप्पा त्याने गाठला. फॉक्सीचा दुसरा, ‘चायना डॉल’, त्याआधी जानेवारी १९९९मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर बसला. तोवर रॅप करणाऱ्या एकाच बाईला, लॉरिन हिलला, तिथे उतरता आलं होतं. त्याच वर्षी मिसी एलियट हिचाही दुसरा अल्बम आला, ‘डा रियल वर्ल्ड’. ती तर शब्द स्वतः लिहिणारी आणि इतरांनाही लिहून देणारी. या बायांनी पैसा मिळवला, शिव्या खाल्ल्या, एकमेकींशी भांडल्याही. पण एवढं झालं की गाणाऱ्या बाईला ‘हे तू लिहिलंस का’ असं विचारणाऱ्यालाच पुढे लाज वाटू लागली.

आपल्याकडे बाजार नव्हता असं नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. १४ एप्रिलला गावोगाव, दसऱ्याला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर कॅसेटींचे ढीग लागत. वामनदादा कर्डकांची गाणी विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांच्या आवाजात दुमदुमली. वामनदादांनी संतांची रीत उचलून शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही मुद्रा ठेवली, म्हणून शाळेत न गेलेला श्रोताही हे गाणं वामनदादांचं आहे हे सांगतो. पुढे सुषमादेवींसारख्या गायिकाही त्या मंचावर आल्या. पण जात्यावरची बाई त्या बाजारात पोहोचली नाही. कॅसेटला ढोलकी लागे, हार्मोनियम लागे, कोरस लागे, मुंबईला जाऊन स्टुडिओत उभं राहावं लागे. ओवीचं वाद्य दगडाचं, ते घरातून हलत नाही.

बीडच्या बाईला घरातून हलवलं ते उसाने. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, साखर कारखाने आले, काही शिवारं हिरवी झाली. तरी जिल्ह्यातली हजारो कुटुंबं आजही दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसं राबतात, मोजताना अवजार मोजतात, आणि उचल नवऱ्याच्या नावावर. पाच-सहा महिने पालात राहायचं, तिथे जातं कुठे न्यायचं? गिरण्या तर गावोगाव आधीच आल्या होत्या. पहाटेचं दळण संपलं याचं दुःख बायांनी करू नये, त्याने कंबरडं मोडत होतं. पण दळणाबरोबर ओवीची रोजची तालीमही गेली. लग्नाच्या हळदीला जात्याची पूजा होते तेवढ्यापुरती एखादी म्हातारी चार ओव्या गाते. १९९६ला ती मुद्रणं झाली नसती तर भीमनगरच्या ओव्या ज्यांच्या होत्या त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

पॉइटवाँ २००४ साली वारले. जमवलेलं धन काही वर्षं पडून राहिलं. मग पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते हाती घेतलं आणि मार्च २०१७पासून ओव्या आवाजासह लोकांपुढे यायला लागल्या. काम नमिता वाईकर यांनी चालवलं. जुन्या संस्थेतले जितेंद्र मैड, आशा ओगले, रजनी खळदकर सोबत राहिले. त्या पहिल्याच एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या महिन्यात, माजलगावच्या ओव्या आल्या. त्यासाठी मंडळी पुन्हा माजलगाव भागात गेली आणि एकवीस वर्षांपूर्वी गायलेल्या बायांची नावं तिथे जाऊन पुन्हा जोडली. अल्बमच्या भाषेत सांगायचं तर ही या ओव्यांची दुसरी आवृत्ती. पहिल्या खेपेला त्या अभ्यासकांच्या कपाटात गेल्या होत्या, दुसऱ्या खेपेला ज्याच्या हातात फोन आहे त्या प्रत्येकापर्यंत गेल्या.

याच वर्षांत फोनने आणखी एक दार उघडलं होतं. औरंगाबादच्या चिकलठाण्यात राहणाऱ्या कडूबाई खरात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी गात. कुणीतरी त्यांचं गाणं फोनवर टिपलं आणि ते वस्त्यावस्त्यांतून फिरलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, तरी मराठवाड्यात लहान पोरालाही कडूबाई माहीत झाल्या. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने रॅप करते. जंगलावर, आदिवासींवर, तृतीयपंथीयांवर, गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांवर तिने गाणी केली आहेत. शब्द तिचे, नावही तिचं. कॅसेटच्या बाजाराने जो दरवाजा लावून घेतला होता त्याला वळसा घालून या दोघी पुढे आल्या.

भीमनगरच्या ओव्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मला सारखी टोचते. आज जात्यावरच्या ओव्या रंगमंचावर येतात, मालिकांच्या शीर्षकगीतात येतात, शहरातल्या मैफलींत नव्या चालीत येतात. श्रेयनामावलीत चालीखाली संगीतकाराचं नाव असतं आणि शब्दांपुढे लिहिलेलं असतं, ‘पारंपरिक’. जुन्या, मूळ न सापडणाऱ्या ओवीला ते लिहायला हरकत नाही. पण जिथे गाणारीचं नाव, गाव आणि तारीख नोंदलेली आहे तिथे ‘पारंपरिक’ लिहिणं म्हणजे ते नाव खोडणं आहे. भीमनगरात ते आणखी लागतं, कारण नाव खोडलं जाणं म्हणजे काय हे त्या वस्तीइतकं कुणाला कळत असेल?

कायदाही आता त्या बायांच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला गाणारा म्हणून हक्कच नव्हता. १९९४च्या दुरुस्तीने तो दिला आणि १० मे १९९५पासून तो लागू झाला. भीमनगरात यंत्र चालू झालं ते त्यानंतर दहा महिन्यांनी. पुढे या हक्काची मुदत वाढवून पन्नास वर्षांची केली, आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यात भर घातली की कलाकाराला आपल्या सादरीकरणाबरोबर आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार आहे. राधाबाई, वाल्हाबाई, रंगूबाई आणि पार्वतीबाई यांनी १९९६ला गायलेल्या ओव्यांवरचा त्यांचा हक्क ही मुदत धरली तर २०४६ अखेरपर्यंत चालतो.